दाताची कीड, पांढरा डाग आणि फिलिंग: आधी ड्रिल का लावायचे आणि आता का थांबतात

आजी सांगायची, तिच्या लहानपणी जत्रेत धुरी देऊन दाताची कीड काढणारे बसायचे आणि खाली धरलेल्या वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडे दिसायचे. ही समजूत फक्त आपल्याकडची नाही, बॅबिलोनच्या मातीच्या विटांवरही दातातल्या किड्यावरचा मंत्र सापडलाय. युरोपात अशा धुरीला खुरासानी ओव्याचं बी वापरायचे, ते तापलं की फुटून आतला कोंब बाहेर येतो आणि तो हुबेहूब अळीसारखा दिसतो. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने लिहून ठेवलं की असले किडे मला कुठे दिसले नाहीत आणि साखरेने दात खराब होतात, तरी आपल्या बोलण्यात कीड राहिली ती राहिलीच.

कोरायची कला मात्र त्याच्याही खूप आधीची. बलुचिस्तानात मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या ९ माणसांच्या ११ दाढा सापडल्या, गारगोटीच्या टोकाने भोक पाडलेल्या, आणि भोकांच्या कडा झिजलेल्या म्हणजे त्यानंतरही ती माणसं त्याच दाढांनी जेवत होती.

खरं कारण कळायला १८९० उजाडलं. मिलर नावाचा अमेरिकन डेंटिस्ट बर्लिनमध्ये काम करायचा, त्याने काढलेले दात लाळ आणि पावाच्या मिश्रणात उबेला ठेवले आणि ते मऊ पडले, म्हणजे किडा वगैरे काही नाही, तोंडातले जंतू साखर-पिठाचं ॲसिड करतात आणि त्या ॲसिडने दातातलं खनिज विरघळतं. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन नावाच्या संशोधकाने मोजून दाखवलं की गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं ॲसिड जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि सावरायला अर्धा-एक तास लागतो, आणि पीएच सावरला की लाळेतलं कॅल्शियम परत दातात भरायला लागतं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण सुरुवातीची कीड मागे फिरू शकते.

मग इतकी वर्षं दिसला डाग की कोर असं का चाललं? त्याचं उत्तर बरंचसं चांदीत आहे. म्हणजे चांदी-पाऱ्याचं अमाल्गम दाताला चिकटत नाही, ते अडकून बसावं म्हणून खड्डा आतून रुंद करावा लागतो, त्यात अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी नियम घालून दिला की पुढे कीड लागू नये म्हणून शेजारच्या चांगल्या खाचाही कोरून घ्या. दात मजबूत करणारं फ्लोराइड नसलेल्या त्या काळात ते चूक नव्हतं, पण कोरलेला दात परत येत नाही आणि फिलिंग काही जन्मभर टिकत नाही, प्रत्येक वेळी बदलताना खड्डा थोडा मोठाच होतो. १९५५ मध्ये ब्युनोकोर या दंतसंशोधकाने, धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक ॲसिड लावतात हे बघून, तेच इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला लावलं, आणि मटेरियल दाताला चिकटवायचा रस्ता मोकळा झाला. मग नुसता किडलेला भाग काढून भागायला लागलं.

माझ्या मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे दोन पांढरे डाग दिसले तेव्हा मी फिलिंगच्या तयारीनेच गेले होते. डॉक्टरांनी दात हवेने सुकवला, तेव्हा तो डाग अजून उठून दिसला, पण पृष्ठभाग कुठे तुटलेला नव्हता. भोक पडलं असेल, अन्न अडकत असेल, ब्रश आत पोचत नसेल किंवा एक्सरेत कीड डेंटिनमध्ये (इनॅमलच्या आतल्या थरात) खोल गेलेली दिसत असेल तर भरायचं, ठणका लागेपर्यंत अजिबात थांबायचं नाही कारण तोवर बऱ्याचदा दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेलं असतं आणि रूट कॅनालची वेळ येते, पण नुसता डाग असेल तर आधी थांबवायचा प्रयत्न करायचा असं त्यांनी सांगितलं. फ्लोराइड वार्निश लावलं, रात्री ब्रशनंतर दूध बंद, बिस्किटं फक्त जेवणाच्या वेळी. सहा महिन्यांनी डाग अंधुक दिसत होते, पण आधी खरखरीत होते ते आता गुळगुळीत आणि चकचकीत, डॉक्टरांनी आरशात दाखवले आणि पुढची तारीख दिली.