अवर्षण (गोवा)

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. त्यामुळे येथील अवर्षण वार्षिक बेरजेत सहसा सापडत नाही. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे हंगामी पावसात २६ ते ५० टक्के तूट म्हणजे मध्यम अवर्षण, त्यापुढे तीव्र. ही पट्टी गोव्याला तोकडी पडते. पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त हे सांगणाऱ्या प्रमाणित पर्जन्य निर्देशांकाचेही (१९९३) तसेच. किमान ३० वर्षांच्या मासिक नोंदी गॅमा वितरण या सांख्यिकी वक्रात बसवून तो काढतात. उणे १ च्या खाली अवर्षण, उणे २ च्या खाली अतितीव्र. मात्र बारा महिन्यांचा एकत्र आकडा घेतला तर जुलैचा मुसळधार पाऊस ऑगस्टमधला तीन आठवड्यांचा खंड झाकून टाकतो. येथे एका महिन्याचा किंवा साप्ताहिक आकडाच धरणे बरे.

खंडाचा खरा फटका खाजनांना बसतो. खाडीकाठच्या या सखल शेतांभोवती मातीचे बांध असतात आणि बांधात ‘मानस’, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची झडपेची मोरी. भरतीच्या दाबाने मानसीची दारे आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते. जून-जुलैच्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की मगच भात तग धरते. भाताला मातीतील क्षारता सुमारे ३ डेसिसीमेन प्रतिमीटरपर्यंत सोसते. कोरगुटासारखे स्थानिक वाण अधिक सोसतात, तरी कोवळे रोप आणि फुलोरा या दोन अवस्था नाजूकच. नेमका तेव्हा पाऊस दडला तर खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढते, वाफ्यावर पांढरा थर धरतो आणि रोपांचे शेंडे करपतात. शेजारी खाडी तुडुंब असते, पण ते पाणी आत घेता येत नाही.

खाजनांच्या प्राचीनतेबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ती तीन-चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. त्याला लेखी आधार नाही. अनिर्जितवर्मा या राजाच्या बांदोडे ताम्रपटात (बहुधा सहावे शतक) ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो आणि तूर्त तोच पाया सुरक्षित वाटतो. बांधांची देखभाल पूर्वी गावकरीकडे (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या पारंपरिक संस्थेकडे) होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे गेली व ढिलावली, असे सामान्यतः मानले जाते. फुटक्या बांधाच्या खाजनात खंड आणि भरती यांचे नुकसान वेगळे काढणे अवघड असते.

उन्हाळी टंचाईचे कारण निराळे. सच्छिद्र जांभा पाणी जितक्या लवकर पितो तितक्याच लवकर सोडतो, म्हणून जुलैत काठोकाठ भरलेली विहीर मे महिन्यात तळ गाठते. लोहखाणींचे खंदक भूजलपातळीखाली गेले, तिथे विहिरींचे पाणी आणखी लवकर आटते. पावसाळा सरताच ओहोळांवरच्या बंधाऱ्यांच्या खाचांत फळ्या बसवून पाणी अडवतात. उशीर झाला तर अडवायला प्रवाहच उरत नाही. मृगापूर्वी फळ्या काढायच्या राहिल्या तर पहिल्या पुरात काठ कापला जातो. साळावली जलाशय उतरला की सांगे तालुक्यातील बुडालेल्या कुर्डी गावाचे अवशेष उघडे पडतात, पण ते दरवर्षीचेच. केवळ त्यावरून अवर्षण ठरवू नये.