विली लोमनची पूर्वपीठिका

विली लोमन रंगमंचावर पहिल्यांदा आला तो १० फेब्रुवारी १९४९ रोजी, न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये, नमुन्यांच्या दोन जड पेट्या हातांत घेऊन. ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या नाटकाचे लेखक आर्थर मिलर तेव्हा ३३ वर्षांचे होते. त्यांनी उभा केलेला हा फिरता विक्रेता मात्र साठी ओलांडलेला, थकलेला आणि गाडी चालवताना भान हरपू लागलेला होता. स्वतःला फसवत जगणाऱ्या बापाचे आधुनिक अमेरिकन रंगभूमीवरील सर्वांत पूर्ण चित्र म्हणून विलीकडे पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची आत्मवंचना केवळ स्वभावदोष म्हणून वाचली, तर नाटकाचा निम्मा अर्थ हातून निसटतो. ती ज्या घरांत आणि ज्या धंद्यात तयार झाली, तिथपर्यंत मागे जावे लागते.

मिलर यांचे वडील इसिडोर लहानपणीच पोलंडमधून अमेरिकेत आले. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, तरीही बायकांचे कोट तयार करण्याचा मोठा धंदा त्यांनी उभारला, आणि आर्थर यांचे बालपण हार्लेममध्ये, दाराशी गाडी आणि चालक असलेल्या सुस्थितीत गेले. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला आणि हे सारे वैभव गेले. ब्रुकलिनमधल्या एका लहानशा घरात मुलाने आपल्या बापाला हतबल होताना पाहिले. पुढे मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात आठवड्याला १५ डॉलर पगारावर काम करून आर्थर यांनी पैसे साठवले आणि १९३४ मध्ये मिशिगन विद्यापीठात प्रवेश घेतला. मंदीत बुडालेली माणसे व्यवस्थेला नव्हे, स्वतःलाच दोष देत बसली, ही त्या काळातली गोष्ट मिलर यांच्या मनातून कधी गेली नाही. विलीची लाज समजून घ्यायची असेल, तर ती येथून समजते.

मात्र विलीचा चेहरा वडिलांचा नाही. तो नात्यातल्याच, वडिलांच्या पिढीतल्या मॅनी न्यूमन यांचा आहे. मॅनी हे फिरते विक्रेते होते, ब्रुकलिनमध्येच राहत, आणि कोणतीही गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडताना फुगूनच पडत असे. आपली मुले आणि इसिडोर यांची मुले यांच्यात एक शर्यत चालू आहे, असे ते मनात धरून वागत, आणि ही शर्यत फक्त त्यांनाच दिसत होती. १९४७ मध्ये मिलर यांच्या ‘ऑल माय सन्स’ या नाटकाचा दुपारचा प्रयोग बॉस्टनच्या कलोनियल थिएटरमध्ये झाला. प्रयोग संपल्यावर बाहेरच्या दालनात मॅनी भेटले. त्यांचे डोळे ओले होते. मिलर यांनी विचारपूस केली, तर त्यांनी ना नमस्कार केला, ना नाटकाबद्दल एक शब्द काढला. आपल्या मुलाचे नाव घेऊन ते एवढेच म्हणाले की त्याचे फार छान चालले आहे.

आत्मचरित्रात मिलर यांनी या भेटीवर बराच वेळ घालवला आहे, आणि तिला तेवढे महत्त्व आहेच. एका यशस्वी भाच्यासमोर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या मनात वीस वर्षांपूर्वीची शर्यत त्या क्षणीही चालू होती. भूतकाळ आणि वर्तमान यांच्यामध्ये साधी चौकटही उरली नव्हती. त्यानंतर फार काळ न जाता मॅनी गेले, आणि मृत्यूचे नेहमी सांगतात तसे कोणतेही कारण कोणी सांगितले नाही. मिलर यांनी त्यांच्या मुलाला विचारले, की तुझ्या वडिलांना नेमके काय हवे होते? उत्तर अगदी साधे होते: आम्हा मुलांसाठी त्यांना एक धंदा उभा करायचा होता. मनात विखुरलेला लोखंडाचा कीस त्या वाक्याने एका दिशेला वळला, असे मिलर यांनी लिहिले आहे. खोट्या बढायांच्या मुळाशी मुलांवरचे खरे प्रेम असू शकते, हे त्यांच्या हाती लागले. विलीचा राग येत असतानाही त्याच्यापासून दूर का जाता येत नाही, याचे उत्तर मला याच वाक्यात सापडते.

१९४८ च्या वसंतात मिलर यांनी कनेटिकट राज्यातील रॉक्सबरी येथे स्वतःच्या हातांनी लाकडी खोली बांधली आणि तिथे नाटक लिहायला बसले. पहिल्या अंकाचा बहुतेक भाग एका दिवस-रात्रीत झाला. पूर्ण नाटकाला सुमारे सहा आठवडे लागले. ‘त्याच्या डोक्याच्या आत’ अशा अर्थाचे शीर्षक त्यांनी आधी योजले होते, आणि रंगमंचाच्या कमानीएवढा प्रचंड चेहरा उघडून आतले दृश्य दिसावे, अशी त्यांची मूळ कल्पना होती. तो चेहरा गेला, पण कल्पना राहिली. नेपथ्यकार जो मिएल्झिनर यांनी भिंती नसलेले, आरपार दिसणारे घर उभे केले, आणि दिग्दर्शक एलिया कझान यांनी अभिनेते ली जे. कॉब यांच्या विलीला त्यात असे वावरू दिले, की स्वयंपाकघरातून एक पाऊल पुढे टाकताच तो सतरा वर्षे मागे जाई. ही दृश्ये आठवणी नाहीत. विलीच्या लेखी ती आत्ता, याच क्षणी घडत आहेत, आणि त्यामुळे त्याचा भ्रम प्रेक्षकाला बाहेरून न्याहाळता येत नाही. त्याच्यासोबत त्यातून जावे लागते.

या भ्रमाला त्याच्या धंद्याने खतपाणी घातले. लोकांना आवडणे हेच यशाचे गमक, ही शिकवण डेल कार्नेगी यांच्या १९३६ सालच्या पुस्तकाने अमेरिकेत घरोघरी नेली होती. विली नेमके काय विकतो हे नाटकात कुठेच सांगितलेले नाही. मिलर यांना कोणी विचारले, की ते म्हणत, तो स्वतःलाच विकतो. त्याचा आदर्श आहे डेव्ह सिंगलमन, जो ८४ व्या वर्षी हिरव्या मखमली सपाता घालून हॉटेलच्या खोलीतून फोनवर माल विकत असे. पण मालकाच्या मुलासमोर विली बसतो, तेव्हा आठवड्याचे ६५ डॉलर मागता मागता तो ५० वर येतो, मग ४० वर येतो, आणि शेवटी त्याची नोकरीच जाते. संत्रे खाऊन साल फेकावी तसे माणसाला फेकता येत नाही, हे त्याचे ओरडणे त्या प्रसंगात येते, आणि ते शब्दशः खरे आहे. भ्रमात जगणाऱ्या माणसाच्या तोंडी मिलर यांनी येथे नाटकातले सर्वांत स्पष्ट सत्य घातले आहे.

त्याआधीच्या ‘ऑल माय सन्स’मधला जो केलर हाही बापच, सदोष सुटे भाग लष्कराला पाठवून २१ वैमानिकांच्या मृत्यूला कारण झालेला, आणि हे सारे कुटुंबासाठीच केले असे स्वतःला समजावणारा. त्याचा अपराध ठोस आहे, कागदावर मांडता येण्यासारखा. विलीच्या बाबतीत अपराध आणि प्रेम वेगळे काढता येत नाहीत, आणि म्हणूनच तो केलरपेक्षा मोठा ठरतो.

न्यूयॉर्कमध्ये नाटकाचे ७४२ प्रयोग झाले आणि त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. १९५१ च्या चित्रपटाच्या वेळी निर्मात्या कंपनीने विक्रेत्याचा पेशा किती चांगला आहे हे सांगणारा एक लघुपटही तयार केला होता. मिलर यांच्या विरोधामुळे तो बाजूला ठेवावा लागला.

खरा वाद झाला तो वेगळ्याच प्रश्नावर. राजा नाही, सरदार नाही, अशा माणसाची शोकांतिका होऊ शकते का? मिलर यांनी २७ फेब्रुवारी १९४९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून उत्तर दिले, की आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी प्राण द्यायला तयार असलेला कोणताही सामान्य माणूस त्या योग्यतेचा असतो. टीकाकारांचा दुसरा आक्षेप अधिक कठीण होता: शोकनायकाला शेवटी स्वतःची ओळख पटते, विलीला ती पटत नाही. हे पूर्णपणे खरे नाही. थोरला मुलगा बिफ त्याच्या गळ्यात पडून रडतो, तेव्हा मुलाचे आपल्यावर प्रेम आहे हे विलीला कळते, आणि ते कळणे अस्सल आहे. पण त्याच क्षणी तो ठरवतो, की आपण जीव दिला आणि विम्याचे २०,००० डॉलर त्याच्या हाती आले, की हा मुलगा थोर होईल. आयुष्यात प्रथमच गवसलेले सत्य त्याच्या जुन्या स्वप्नाने तिथल्या तिथे गिळून टाकले.

विलीचे आधीचे मोटार अपघात मुद्दाम केलेले असावेत असा विमा कंपनीला संशय होता, हे त्याची बायको लिंडा हिने मुलांना पूर्वीच सांगितलेले असते. ते पैसे मिळाले की नाही, याचा उल्लेख शेवटच्या प्रवेशात नाही. थडग्यापाशी बसलेली लिंडा नवऱ्याला एवढेच सांगते, की घराचा शेवटचा हप्ता आजच भरला, आणि आता त्या घरात कोणी असणार नाही.