हाडाची घनता वेगळी, मजबुती वेगळी

मावशीच्या डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर टी-स्कोअर आला उणे १.९. "अडीचच्या अलीकडेच आहे ना, मग हाडं मजबूत आहेत," असं म्हणून घरच्यांनी फाइल कपाटात टाकली. दोन महिन्यांनी अंगणात पाय घसरला आणि मनगट मोडलं. मशीनचं काही चुकलं नव्हतं. ते घनता सांगत होतं आणि आम्ही मजबुती ऐकत होतो.

डेक्सा दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण सोडतं आणि ते किती अडले यावरून हाडातलं खनिज काढतं. उत्तर येतं ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. घन नाही, चौरस! म्हणजे मोजली जाते ती हाडाची सावली. त्यामुळे आतून हाड सारखंच असलं तरी थोराड बांध्याच्या माणसाचा आकडा जास्त भरतो. हा आकडा निरोगी तरुणांच्या सरासरीपासून किती दूर आहे, ते टी-स्कोअर सांगतो. उणे २.५ ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली.

मजबुती म्हणजे किती भाराला हाड मोडेल. ती समजायला मटणाची नळी पुरे. मधे पोकळ, भिंत जाड. टोकाशी मात्र बारीक जाळी. तेवढंच हाड भरीव काडीसारखं असतं तर कितीतरी लवकर मोडलं असतं. बांबूचंही तेच. वयानुसार जाळीतले धागे तुटत जातात, आणि कुठले तुटले हे सरासरी आकड्यात दिसत नाही.

शिवाय हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही. कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळतं, उरतं कोलॅजन हे प्रथिन, आणि हाड रबरासारखं वाकतं. उलट चुलीत जाळलेलं हाड दिसायला शाबूत, पण बोटांनी चुरता येतं. खनिजाने ताठपणा येतो, कोलॅजनमुळे तडा लांबत नाही.

घनता वाढली की हाड पक्कं होतं, या समजाला सर्वांत मोठा धक्का दिला औषध म्हणून दिलेल्या फ्लोराइडने. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत पाळी गेलेल्या २०२ स्त्रिया होत्या. चार वर्षांत फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. पण मणके मोडण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. इतर हाडं तर जास्तच मोडली. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांना हे नवं नाही. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं एक्स-रेत पांढरीशुभ्र, दाट दिसतात आणि माणूस मात्र ताठरलेला असतो.

म्हणून डेक्सा फालतू ठरत नाही. घनता घसरली की धोका वाढतो, हे खरंच आहे. पण धोका मोजणारं 'फ्रॅक्स' हे गणित वय, आधीचं फ्रॅक्चर, धूम्रपान, स्टेरॉइड असं बरंच काही विचारतं; घनतेचा आकडा नसला तरी चालतं. त्यातला एक प्रश्न आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, हा आहे. प्लास्टर सांभाळत मावशी म्हणाली, "आईचा मोडला होता की. पण तेव्हा कुणी विचारलंच नाही."