लेकरू दचकतंय की झटका येतोय?

पाच-सहा महिन्यांचं लेकरू झोपेतून उठतं. आईच्या मांडीवरच त्याची मान एकदम खाली झुकते, दोन्ही हात वर फेकल्यासारखे होतात, पाय पोटाशी आखडतात. सेकंद-दोन सेकंदांत सगळं सैल पडतं. पाच-दहा सेकंद जातात आणि पुन्हा तेच. असं दहा वेळा, वीस वेळा, कधी पन्नासच्याही वर. मध्येच लेकरू कळवळून रडतं, आणि झटक्यांची रांग संपली की मलूल पडून राहतं. घरातली जाणती माणसं म्हणतात, पोटात मुरडा आलाय, ओव्याचा शेक द्या, बेंबीला हिंग लावा. कुणी म्हणतं, दचकतंय, दृष्ट काढा.

हा मुरडा नव्हे. ही फिट आहे. हातपाय ताठ होऊन तोंडाला फेस येतो तीच फिट, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून ही ओळखूच येत नाही. डॉक्टर याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. बहुतेक मुलांत ते 3 ते 12 महिन्यांच्या दरम्यान, त्यातही चौथ्या ते सातव्या महिन्यात सुरू होतात. साधं दचकणं वेगळं. दार आपटलं, भांडं पडलं की तान्हं बाळ हात पसरून दचकतं, ते एकदाच, आणि ही सवय चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत जाते. स्पाझमला आवाज लागत नाही. ते रांगेने येतात आणि बहुधा झोपेतून उठल्या उठल्या. सोबत आणखी एक खूण असते, तिच्याकडे घरच्यांचं लक्ष उशिरा जातं: हसून बघणारं लेकरू हसायचं थांबतं, नजरेला नजर देत नाही, सावरलेली मान पुन्हा लटपटते.

हा आजार जगापुढे आला तो एका बापाच्या पत्रातून. इंग्लंडमधले डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी 1841 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला लिहून स्वतःच्या मुलाचे झटके वर्णन केले आणि मदत मागितली. जळवा लावून झाल्या होत्या, जुलाबाची औषधं देऊन झाली होती, गुण नव्हता. झटके, मेंदूच्या आलेखातला विशिष्ट बिघाड आणि विकासाची पीछेहाट हे तिन्ही एकत्र आले की त्याला आज वेस्ट सिंड्रोम म्हणतात. उपाय सापडायला 1958 उजाडलं. बेल्जियममध्ये एसीटीएच हे संप्रेरक टोचून झटके थांबतात, असं तेव्हा दिसलं.

उपाय आहे, पण त्याला घाई लागते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात 107 बाळांवर उपचार झाले आणि चार वर्षांच्या वयात त्यांतल्या बहुतेकांचा विकास पुन्हा मोजला गेला. पहिला झटका ते पहिलं औषध यातला काळ टप्प्यांत मांडला होता: 7 दिवसांच्या आत, 8 ते 14 दिवस, मग महिन्यापर्यंत, दोन महिन्यांपर्यंत आणि त्याहून जास्त. टप्पा एकेक पुढे सरकला की विकासाचे गुण सरासरी सुमारे 4 नी खाली येत. या वयात पेशींच्या जोडण्या झपाट्याने बनत असतात आणि नेमक्या त्याच वेळी मेंदूत चोवीस तास गोंधळ माजलेला असतो. दिसणारा झटका दोन सेकंदांचा असला तरी आतला बिघाड दोन झटक्यांच्या मधेही चालूच राहतो. म्हणून ‘दिवसातून दोनदाच होतं’ ही समजूत घातक आहे.

आपल्याकडे याच्या मुळाशी बऱ्याचदा जन्माच्या वेळचे प्रसंग असतात. बाळ उशिरा रडणं हा एक. दुसऱ्याची चर्चा फार कमी होते: पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातली साखर उतरणं. अडीच किलोहून कमी वजनाचं बाळ, दिवसांआधी जन्मलेलं बाळ, मधुमेह असलेल्या आईचं बाळ किंवा ज्याला पहिलं दूधच उशिरा मिळालं ते बाळ, यांची साखर 100 मिलिलिटर रक्तात 40-45 मिलिग्रॅमच्याही खाली जाऊ शकते. ती बराच वेळ खाली राहिली की मेंदूचा मागचा, दृष्टी सांभाळणारा भाग जास्त होरपळतो. अशी मुलं पुढे नजर देत नाहीत आणि काही महिन्यांनी त्यांना स्पाझम सुरू होतात. कधी बाळ सुस्त पडतं, ओढून पीत नाही, कधी काहीच दिसत नाही. म्हणून जोखमीच्या बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात. जन्मल्यापासून तासाभरात अंगावरचं दूध, आणि बाळ आईच्या छातीशी उबेत, एवढ्याने बरंच टळतं. मधाचं बोट आणि गुळाचं पाणी मात्र नकोच. त्याने दूध लांबतं, शिवाय मधातून तान्ह्याला विषबाधा होऊ शकते.

दवाखान्यात नेमकं त्याच वेळी लेकरू शांत असतं. त्यामुळे मोबाइल हाच सगळ्यात मोठा पुरावा. दुपट्यातून बाळ मोकळं करा, उजेडात उताणं ठेवा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसू द्या. हात धरू नका. पहिला झटका दिसताच चित्रण सुरू करा आणि पुढचे चार-पाच येईपर्यंत, दोन-तीन मिनिटं, थांबू नका. किती वाजता झोपेतून उठलं होतं तेही सांगा.

पुढची तपासणी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. डोक्याला तारा चिकटवतात, करंट देत नाहीत, दुखत नाही. आदल्या दिवशी केस धुवा आणि तेल अजिबात लावू नका, तेलावर तारा टिकत नाहीत. बाळाला वाटेत झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर पाजून झोपवा. हे महत्त्वाचं आहे, कारण काही मुलांचा जागेपणीचा आलेख फारसा बिघडलेला दिसत नाही आणि झोपेत मात्र उंचच उंच, विस्कळीत लाटा उमटतात. फक्त जागेपणीचा आलेख काढून ‘नॉर्मल’ म्हटलं असेल, तर झोपेतला पुन्हा मागा.

औषधं मुख्यतः तीन: एसीटीएचची इंजेक्शनं, तोंडाने द्यायचं प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन. त्याच ब्रिटिश अभ्यासात दोन आठवड्यांनी संप्रेरक गटातली (एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोन घेणारी) 73 टक्के आणि व्हिगाबॅट्रिन गटातली 54 टक्के मुलं झटक्यांपासून मोकळी झाली होती. अंगावर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे असतील तर ते दाखवा. तो ट्यूबरस स्क्लेरोसिस असू शकतो आणि त्यात व्हिगाबॅट्रिनच आधी देतात. या औषधाने कडेची नजर कमी होऊ शकते, म्हणून ते गरजेपेक्षा जास्त महिने चालवत नाहीत. प्रेडनिसोलोनचा डोस इथे जास्त असतो, आणि त्याने लेकरू चिडचिडं, भुकेलं होतं, तोंड सुजतं. ते बघून घाबरून औषध एकदम बंद करणं हीच मोठी चूक. शरीर स्वतःचं संप्रेरक बनवायचं थांबलेलं असतं, त्यामुळे डोस पायरीपायरीने उतरवावा लागतो. या काळात ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, आणि गोवर-रुबेलासारखी जिवंत लस डॉक्टरांना विचारूनच.

बीडच्या, धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड घरांत याचं गणित आणखी अवघड होतं. श्रावण-भाद्रपदात जन्मलेलं लेकरू चार ते सात महिन्यांचं होतं ते ऐन गाळप हंगामात, परजिल्ह्यातल्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण हा आजार आठवड्यांत नुकसान करतो, त्याची वाट बघून चालत नाही. जन्मतः बाळ काचेत ठेवलं होतं, उशिरा रडलं, साखर उतरली होती, अशा घराने निघण्याआधी डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावं. झटके दिसले तर मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटायची वाट न बघता जवळच्या जिल्हा रुग्णालयाचा बालरोग विभाग गाठावा. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात परतून दाखवू म्हणत हंगाम काढू नये. औषध चालू असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल एवढं आणि आठवडाभराचं जास्त जवळ ठेवावं, आणि कागदावर लिहून घ्यावं: किती गोळ्या, किती वेळा, कोणत्या तारखेपासून किती कमी. झटके थांबले तरी दोन आठवड्यांनी झोपेतला ईईजी पुन्हा काढावा लागतो. लेकरू शांत दिसत असताना आलेख अजून विस्कटलेला असू शकतो, आणि तसं असेल तर औषध बदलायची वेळ तीच असते.