एटिकेट आलं कुठून

एटिकेटचा विषय निघाला की फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यातल्या माळ्याची गोष्ट कोणीतरी सांगतंच. लोक हिरवळ तुडवायचे, माळी वैतागला, त्याने पाट्या लावल्या आणि राजा चौदाव्या लुईने फर्मान काढलं की पाट्या बघूनच चालायचं, तेव्हापासून म्हणे एटिकेट. याला पुरावा काहीच सापडत नाही आणि शब्द तर लुईच्या कितीतरी आधीपासून फ्रेंचमध्ये आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये एस्टिकेट म्हणजे खोचलेली किंवा चिकटवलेली चिठ्ठी. त्यामागचं क्रियापद खोचणे, टोचणे अशा अर्थाचं, फ्रँक लोकांच्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्याच कुळातल्या बोलीतून आलेलं, म्हणून इंग्रजीतलं स्टिक आणि स्टिकर हे त्याचेच भाऊबंद. कोर्टात खटल्याच्या कागदांच्या पिशवीवर अशी चिठ्ठी लावायचे. आजही फ्रान्समध्ये वाइनच्या बाटलीवरच्या लेबलला एतिकेतच म्हणतात.

शिष्टाचाराचा अर्थ आला दरबारातून. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाच्या पुढे कोण, हे लिहून ठेवायचे आणि त्या लिखाणाचं नावच नियमांना पडलं असं मानतात. स्पेनचाही यात हात असावा, १५४८ मध्ये तिथला राजा पाचव्या चार्ल्सने बर्गंडी या जुन्या संस्थानाच्या दरबाराचे रिवाज तिथे आणले आणि असल्या नियमांना स्पॅनिशमध्ये एतिकेता म्हणायचे. व्हर्सायला तर कळसच झाला, सकाळी राजा उठला की त्याला सदरा कोणी द्यायचा हेसुद्धा हुद्द्यावर ठरायचं, हजर असलेल्यांत जो सगळ्यात वरचा त्याचा तो मान. राणीसमोर बिनपाठीच्या स्टुलावर टेकायला मिळणं हा डचेस म्हणजे ड्यूक या बड्या सरदारांच्या बायकांचा हक्क, बाकीच्या बहुतेक ताटकळत उभ्या. सगळा मानपानच की! म्हणून कोणी काट्याचमच्याने खात नाही म्हटल्यावर त्याला एटिकेट नाही म्हणून हिणवतात ना, ते मला अजिबात पटत नाही, या शब्दाच्या या अर्थाचा जन्मच मुळी माणसांची उतरंड लावण्यातून झालाय.

इंग्रजीत तो १७५० च्या सुमारास रुळला, इंग्रज उमराव लॉर्ड चेस्टरफील्डने मुलाला लिहिलेल्या पत्रांत सापडतो. पण याच फ्रेंच चिठ्ठीचं दुसरं रूप १६ व्या शतकातच इंग्लंडला पोचलं होतं, ते म्हणजे तिकीट! आपण एसटीत कंडक्टरकडे मागतो तेच. आणखी मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ हे सगळं टोकदार अशा अर्थाच्या एका इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत आणि बहुतेक युरोपीय भाषांच्या समाईक मूळ भाषेतल्या धातूपर्यंत नेतात, संस्कृतमधला तीक्ष्ण त्याच कुळातला धरतात, आणि तीक्ष्णवरूनच आपलं तिखट आलंय.