सालाझार मेला म्हणून पोर्तुगालची हुकूमशाही संपली?

गोवामुक्तीचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं: पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार मेला आणि तिथली हुकूमशाही संपली. हे खरं नाही.

ऑगस्ट 1968 मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. सप्टेंबरअखेर त्याच्या जागी मार्सेलु कायतानु पंतप्रधान झाला. पण हे सालाझारला कुणी सांगितलंच नाही! मंत्री त्याच्याकडे येत, बैठकीला बसल्यासारखे बसत. सत्ता आपल्याच हाती आहे या समजुतीत तो 27 जुलै 1970 रोजी गेला. सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली आणि राजवट जागची हलली नाही. सेन्सॉर तोच, गुप्त पोलीसही तेच, फक्त नाव बदललेलं. अंगोला, मोझांबिक, गिनी या आफ्रिकेतल्या वसाहतींमधली युद्धंही चालूच.

ती राजवट पाडली 25 एप्रिल 1974 रोजी, या युद्धांना विटलेल्या मधल्या फळीतल्या लष्करी अधिकाऱ्यांनी. त्यांचं आणि तुरुंगात पिचलेल्या विरोधकांचं श्रेय एका म्हाताऱ्याच्या मरणाला देणं हा सरळ अन्याय आहे. बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोचली गेली ती त्याच दिवशी. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं तेही त्यानंतरच, डिसेंबर 1974 च्या करारात.