चेन का पडते?

चढावर जोर लावला की माझ्या बिनगिअरच्या सायकलची चेन पडायची. दर वेळी मी मागचं चाक थोडं आणखी ओढून नट आवळायचो. चेन तारेसारखी ताठ झाली, पेडल जड झालं, पण चेन पडायची ती पडायचीच. शेवटी सायकल उलटी करून, एक डोळा मिटून मागून पाहिलं, तेव्हा कळलं की पुढचं चक्र आणि मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचं दातेरी चक्र, एका रेषेत नव्हतंच.

बुश आणि रोलरच्या या चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये 1880 साली घेतलं. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. पिनेभोवती कडी सहज फिरते, पण आडवं वाकणं हे तिचं काम नव्हे. गिअरच्या सायकलची चेन मुद्दाम आडवी लवचीक केलेली असते. शिवाय मागचा डिरेल्युअर तिला धरून नेमक्या चक्रावर नेऊन सोडतो. बिनगिअरच्या सायकलवर चेनला वाट दाखवणारं असं कुणी नाही.

माझ्या सायकलवर फरक होता 4 मिलिमीटरचा. दोन चक्रांमधलं अंतर 450 मिलिमीटर धरलं, तर चेन जेमतेम अर्धा अंश तिरकी. एवढ्याने काय होतं? पुढच्या चक्राला 44 दाते आहेत. मिनिटाला 60 वेळा पेडल फिरलं, तर 2,640 कड्या त्यावर चढतात आणि प्रत्येक कडीची पट्टी दात्याच्या कुशीला घासते. खर्रखर्र आवाज येतो तो त्याचाच. दाते एका बाजूने झिजतात, आणि एखादी कडी दोन दात्यांच्या खाचेत न बसता दात्याच्या टोकावर चढली की चेन बाहेर.

पायांना मात्र यातलं काही जाणवत नाही. जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात चेनच्या कार्यक्षमतेच्या चाचण्या घेतल्या. त्यांचे निष्कर्ष 1999 मध्ये आले. चेन 98.6 टक्क्यांपर्यंत शक्ती पुढे पोचवते आणि ती थोडी तिरकी असल्याने त्यात जवळजवळ फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सायकल हलकी चालते म्हणजे चेन सरळ आहे, असं धरून चालता येत नाही. ते मोजावंच लागतं.

मोजायला पट्टी पुरते. पुढे, सीटखालच्या नळीच्या मध्यापासून दात्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. माझं आलं 47 मिलिमीटर. मागे, चाक ज्यात बसतं त्या चिमट्याच्या दोन पात्यांमधलं अंतर 110, त्याचं निम्मं 55. उजव्या पात्याच्या आतल्या बाजूपासून दात्याचा मध्य 12 वर, म्हणजे 43. फ्रीव्हील 4 मिलिमीटर आत होतं.

हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर 2 मिलिमीटर जाडीची चकती घालून मग फ्रीव्हील बसवलं. त्याहून जाड चकती मी घातली नाही, कारण मग फ्रीव्हीलला धरायला आटे कमी उरतात. उरलेल्या 2 मिलिमीटरसाठी एक्सलवरचा तेवढाच वॉशर उजवीकडून काढून डावीकडे घातला. त्यामुळे रिमही उजवीकडे सरकली. डाव्या बाजूच्या तारा आवळून आणि उजव्या सैल करून ती पुन्हा मध्यावर आणली. हे शेवटचं काम चाकाची आउट काढणाऱ्या हाताकडूनच करून घ्यावं.

नट आवळतानाही लक्ष लागतं. उजवा नट ढिला राहिला, तर चेन एक्सलचं ते टोक पुढे ओढते, टायर डावीकडे वळतो आणि इतकी मेहनत करून जुळवलेली रेघ पुन्हा मोडते. मी दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळतो आणि चेनला मधोमध सेंटिमीटरभर ढील ठेवतो.